डोकी मोजणाऱ्यांनो, आमची वाडी कुठाय?

रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती. २०११ साली १६ लाख १५ हजार ६९ उरली. दहा वर्षांत ८१ हजार ७०८ माणसं वजा. ना दुष्काळ पडला, ना लढाई झाली, ना पटकीची साथ आली. शेजारच्या सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार ८२५ ची ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढते म्हणून पांढरपेशे अग्रलेख खरडतात, गरिबाच्या पोराबाळांकडे बोट दाखवतात. आणि इथं दोन अख्खे जिल्हे आटत चाललेत, त्याचं कुणाला सुतकसुद्धा नाही.

मी गोदी कामगार. दहावी पास. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, पण हिशेब कळतो. गोदीत एक पेटी कमी भरली तर मुकादम अख्ख्या टोळीचा हिशेब अडवतो. इथं एका जिल्ह्यातून ऐंशी हजार माणसं कमी भरली तरी कुणी विचारलं नाही, की बाबांनो, ही गेली कुठं? म्हणून मीच विचारतोय. आणि नुसती संख्या विचारत नाही. कोण गेलं, कोण उरलं, आणि जे उरलेत ते तालुक्याच्या गावात कुठं राहतात, कुणाच्या नजरेखाली राहतात, हे विचारतोय.

गेली कुठं ते सांगायला ज्योतिषी नको. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता) ८१ लाख ३१ हजारांवरून १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेला. मुंबई शहराची वस्ती मात्र घटली, ३३ लाख ३८ हजारांची ३० लाख ८५ हजार झाली. म्हणजे गावानं आम्हाला हाकललं आणि मुंबईनंही आत घेतलं नाही. गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. कोकणातला माणूस विरार, नालासोपारा, दिवा, मुंब्रा इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत जाऊन पडला. माझा आजा गोदीत होता, बाप गोदीत होता, मी गोदीत आहे. फरक एवढाच की आज्याच्या छातीवर बिल्ला होता आणि माझं नाव कंत्राटदाराच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलीनंच. खोडायला सोपं.

आता थोडा इतिहास. तो आमच्या धड्यात नव्हता, म्हणून इथं सांगावा लागतो. कोकणात जमीन खोताची. कुळं बहुतेक कुणब्यांची. महाराच्या वाट्याला आली ती वतनाची चाकरी आणि गावाबाहेरची वाडी. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी होता, महार होता, आणि ही एकी बघून खोतांना घाम फुटला होता. खोती कायद्यानं गेली ती १९४९ मध्ये. जमीन कसणाऱ्याला मिळायला लागली. पण ज्याला कुळ म्हणूनसुद्धा कुणी नोंदलं नव्हतं, त्याला काय मिळालं? आमच्या बहुतेक वाड्यांत आजही माणशी काही गुंठे, तेही कातळाचे. म्हणून आमचा माणूस आधी पलटणीत गेला. तिथली भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारनं बंद केली, तेव्हा दापोलीच्या पेन्शनरांतून गोपाळबाबा वलंगकर उभे राहिले आणि त्यांनी सरकारला जाब विचारला. मग आमचा माणूस बोटीत बसून मुंबईला आला, गोदीत, रेल्वेत, गिरणीत शिरला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. सुभेदार रामजी पेन्शनीत आले ते दापोलीला येऊन राहिले. म्हणजे गाव सोडणं हा आमचा छंद नाही, दोस्तांनो. गावानं जागाच दिली नव्हती, म्हणून आम्ही निघालो.

कोकणाचं गाणं गाणारे कवी खूप आहेत. नारळी-पोफळी, लाल माती, कौलारू घर, ओटीवरची आजी. मीही कवी आहे, पण मला ती ओटी आतून माहीत नाही. आमचा आजा अंगणाच्या कडेला उभा राहायचा. म्हणून माझ्या कवितेत अंगणाची कड येते, ओटी येत नाही.

आता गावाचं सोडा, तालुक्याच्या ठिकाणांकडे या. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आणि नऊ शहरं. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर या चार नगरपरिषदा. दापोली, गुहागर, देवरूख, लांजा, मंडणगड या पाच नगरपंचायती. रत्नागिरी शहर २०११ ला ७६ हजारांचं, चिपळूण ५५ हजारांचं. ज्या राजापुरात एके काळी इंग्रजांची वखार होती, ते दहा हजारांच्या आसपास येऊन थांबलं. जिल्ह्यात शंभरातली सोळा माणसं शहरात राहतात. राज्यात शंभरातली पंचेचाळीस. म्हणजे हा जिल्हा कागदावर अजून खेड्यांचाच.

या छोट्या शहरांवर आमची आशा होती. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना सुनावलं आणि घटनेनं खेड्याऐवजी माणूस हा घटक धरला याबद्दल समाधान सांगितलं. आम्ही त्यातून धडा घेतला, की शहरात चला, तिथं माणूस आडनावाशिवाय चालू शकतो. मोठ्या शहरात ते थोडंफार खरं झालं. लोकलच्या गर्दीत कोण कुणाला जात विचारतो? श्वास घ्यायला मिळाला तरी खूप. पण तालुक्याचं शहर म्हणजे शहराचा सदरा घातलेलं गाव. सदऱ्याच्या आत तेच जानवं.

बघा ना, ही शहरं वसली कशी. मध्ये पेठ. पेठेत दुकानं वाण्या-सोनारांची, वर ब्राह्मणआळी, खाडीकडे मोहल्ला, भोवती कुणबीवाड्या, आणि कडेला बौद्धवाडी, चर्मकारवाडी. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, वॉर्डाला नंबर पडले, पण लोकांच्या तोंडी वॉर्डाचं नाव वाडीचंच. २०२० च्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. बदला, जरूर बदला. पण पाटी बदलली म्हणून नळाला पाणी वाढत नाही. वाडीचं नाव समतानगर झालं आणि गटार उघडंच राहिलं, तर ती समता नाकाला कळते.

गेल्या वर्षी आईच्या दुखण्यापायी मी चार महिने गावाकडं होतो. तालुक्याच्या गावात एक खोली भाड्यानं बघत होतो, दवाखाना जवळ पडावा म्हणून. घरमालक फार गोड माणूस. चहा दिला. मग म्हणाला, "गाव कुठलं?" गाव सांगितलं. "वाडी कुठली?" वाडी सांगितली. "हां हां. बघतो, कळवतो." अजून कळवतोय. मुंबईत आडनाव विचारतात, कोकणात वाडी विचारतात. वाडी सांगितली की सात पिढ्या सांगितल्यासारखं होतं. हे एकाच माणसाचं वाकडं नाही. सगळ्या शहराच्या रचनेतच हा प्रश्न दडलेला आहे. पेठेतले गाळे कुणाच्या नावावर, मच्छी मार्केटात ओटा कुणाला, आठवड्याच्या बाजारात सावलीची जागा कुणाची, आणि सकाळी पाचला झाडू कुणाच्या हातात? यादी काढा. मी सांगायची गरज राहणार नाही.

आणि पाणी चढतं तेव्हा? २६ जुलै २००५ ला चिपळूण बुडालं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं. वाशिष्ठीनं पेठही सोडली नाही, खरं आहे. पण पेठेतल्याकडे माडी होती, विमा होता, पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला बसवायला खुर्ची होती. भाड्याच्या खोलीतल्या मजुराकडे ना भाडेपावती, ना नावावर घर. पंचनामा मालकाच्या नावानं होतो. पाणी जात बघत नाही म्हणतात. पण पाण्यानंतरचा कागद बघतो.

आता सरकार शहर कशाला म्हणतं ते ऐका. शिरगणतीवाल्यांची कसोटी अशी. वस्ती किमान ५ हजार हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात हवेत. नीट वाचा. पुरुषांपैकी! बाई या हिशेबात नाहीच. आता रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या, राज्यात ९२९. याचा अर्थ इथं बाईचं राज्य आलं असा नाही. पुरुष मुंबईला गेला एवढाच. मागं राहिलेली बाई चिखलात वाकून तरवा काढते, लावणी करते, काजू फोडायला जाते, घरातली म्हातारी सांभाळते. आणि तिचा उरलेला भाऊ रिक्षा चालवतो म्हणून तिचं गाव कागदावर शहर व्हायला लायक ठरतं. बाईच्या पाठीवर शेत, पुरुषाच्या नावावर शहर!

नगरपंचायत करायला तर ही कसोटीही लागत नाही. सरकारनं अधिसूचना काढली की काम झालं. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायती करण्यात आलं. पुढाऱ्यांना हर्ष झाला, सतरा-सतरा नगरसेवक झाले, कमानी लागल्या. पण आमच्या वाडीचं काय झालं? रोजगार हमी खेड्यासाठी. गाव शहर झालं की हमी गेली. ज्या बाईला काल बांध घालायचं, रस्त्याचं काम मागता येत होतं, ती आज शहरवासी झाली, म्हणून तिला काम मागायचा हक्क नाही. शेत तेच, पोट तेच, कपाळावरचा शिक्का तेवढा बदलला. महाराष्ट्रानं १९७७ साली हमीचा कायदा केला, सगळ्या देशाला वाट दाखवली म्हणून मिरवलं. मग नगरपंचायतीच्या हद्दीतल्या शेतमजुराला ती हमी का नको? घरपट्टी शहराची लावता, तर काम पण शहरात द्या.

पुढं काय होणार? २०२१ ची शिरगणती झालीच नाही. आता ती २०२७ ला होतेय, १ मार्च २०२७ ची मध्यरात्र धरून. म्हणजे सोळा वर्षं हा देश जुन्या आकड्यावर चालला. मी काही तज्ज्ञ नाही, पण डोळ्यांना दिसतं ते सांगतो.

एक. तरुण जातोय, म्हातारं उरतंय. वाडीतली घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, बाकी दहा महिने कुलूप. पटावर पोरं नाहीत म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळा बंद पडतायत. २०२३ साली सरकारनं वीसच्या आत पट असलेल्या शाळा जवळच्या समूहशाळेत मिळवायचा बेत काढला. कोकणात वाडीवरची शाळा गेली म्हणजे पावसात दोन वहाळ ओलांडून जाणं आलं. पहिली कोण बसणार घरी? वाडीतली पोरगी. आणि कुटुंबानं पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याला खोली बघायची म्हटली तर तिथं घरमालक विचारतो, "वाडी कुठली?"

दोन. घरं वाढतायत, माणसं नाहीत. कोकण रेल्वे १९९८ पासून पुरी धावतेय, महामार्ग २०११ पासून रुंद होतोच आहे, अजून होतोच आहे. त्या रस्त्यानं मुंबई-पुण्याचा पैसा उतरला. डोंगरउतारावर बंगल्यांचे प्लॉट पडले. फाटक, कुंपण, कुत्रा. मालक वर्षातून आठ दिवस येतो. आमच्या माणसाचं घर माणसं नाहीत म्हणून बंद, त्याचं घर पैसा जास्त म्हणून बंद. शिरगणतीत दोन्ही घरं एकाच खान्यात, रिकामी.

तीन. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. कोकणात माणसं येतायत सुद्धा. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी येतो, बायकापोरांसकट बागेतल्या खोपटात राहतो. मच्छीच्या बोटीवर नेपाळी, कर्नाटकातला खलाशी. बांधकामावर कर्नाटकातला, उत्तरेतला मजूर. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत कुठून कुठून आलेले कंत्राटी. ही माणसं शहराच्या कडेला, पत्र्याखाली राहतात. त्यांना वाडीसुद्धा नाही. गावकुसाबाहेर आता नवी माणसं आणून बसवलीत. काही पुढारी आपल्या पोरांना त्यांच्या अंगावर सोडतात, की हे उपरे तुमची भाकरी खातात. भावांनो, मुंबईत आपल्याला कोण उपरे म्हणतं ते आठवा आणि मग दगड उचला. बागेतल्या खोपटातल्या नेपाळ्याची मजुरी बागायतदार बुडवतो, तीच आपल्या बापाची खोतानं बुडवली होती. आपली दोस्ती कुणाशी, हे सांगायला अजून कुणी मोठा माणूस यायला हवा का?

या तिन्हींची बेरीज केली तर वीस वर्षांनी ही नऊ शहरं कशी दिसतील? मला दिसतं ते असं. मध्ये पेठ, वर बंगले, कडेला पत्रे, आणि आमच्या वाड्यांना कुलपं. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी चालत, रुळावरून, मिळेल त्या गाडीनं परत आला, तेव्हा गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. मनीऑर्डर चालत होती, माणूस चालला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं की आमचं गावाशी नातं पैशाचं ठेवलंय, हक्काचं नाही.

माणसं कमी झाली की मतही कमी होतं. २००१ च्या आकड्यांवर मतदारसंघांची फेररचना झाली, ती २००८ ला अंमलात आली, आणि खेड व संगमेश्वर हे विधानसभा मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले. आता २०२७ च्या आकड्यांवर पुन्हा फेररचनेची चर्चा आहे. जिथं माणसं गेली तिथं मत गेलं. पण दिव्यातल्या, नालासोपाऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत मत मिळालं का? भाडेकरार अकरा महिन्यांचा, खोली दर दोन वर्षांनी बदलते, यादीत नाव शोधायला सुट्टी कोण देतो?

आता सगळ्यांत कळीचं. डोळे उघडे ठेवून वाचा.

२०११ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात बौद्ध सुमारे ७ टक्के. आणि अनुसूचित जाती? ४ टक्क्यांच्या थोड्या वर! अरे, हे कसं? जिल्ह्यातला बहुसंख्य बौद्ध पूर्वाश्रमीचा महार. त्यात चर्मकार बांधव मिळवले तर अनुसूचित जातींचा आकडा बौद्धांपेक्षा मोठा यायला हवा. आला उलटा. राज्यातही तेच. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार, त्यातले अनुसूचित जातीत धरलेले सुमारे ५२ लाख. मग उरलेले तेरा लाख कुठं गेले? धर्माच्या खान्यात ते मोजले गेले, अनुसूचित जातीच्या खान्यातून गळले.

गळती कशी होते ते समजून घ्या. १९५६ ला दीक्षा घेतली, जात टाकली. ते खरंच होतं, त्यात तसूभर खोट नाही. पण कागदावर १९९० पर्यंत बौद्धाला केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती नव्हत्या. १९९० ला कायदा बदलला, बौद्धालाही अनुसूचित जातीत धरायला लागले. पण यादीत जातीचं नाव लागतं. यादीत 'महार' आहे. 'बौद्ध' ही जात नाही, ती यादीत असणार कशी? गणतीवाला दारात येतो, धर्म विचारतो, आपण ताठ मानेनं सांगतो, "बौद्ध." तो जात विचारतो, आपण पुन्हा सांगतो, "बौद्ध." त्यानं लिहिलं, तो गेला. त्या क्षणी तुम्ही अनुसूचित जातीच्या आकड्यातून बाहेर पडलात. कधी अडाणीपणानं होतं, कधी अभिमानानं, कधी गणतीवाल्या मास्तरच्या आळसानं. नुकसान एकच.

हे नुकसान किती, ते नगरपंचायतीच्या हिशेबानं मांडतो. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं शहरांच्या सभागृहात अनुसूचित जातींना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा ठेवल्या. नगरपंचायतीत जागा सतरा. एखाद्या गावात जिल्ह्याची सरासरीच धरली, तर सव्वाचार टक्क्यांच्या खाली सतराचा हिशेब पाऊण जागासुद्धा होत नाही. सात टक्क्यांना एक जागा पुरी भरून वर उरते. एक जागा म्हणजे एक माणूस, जो सभागृहात उठून विचारील की वाडीचा रस्ता कुठल्या ठरावात अडला, दलित वस्ती सुधारणेचा पैसा कुठल्या गटारात वाहून गेला, गाळ्यांच्या लिलावात आमचा वाटा कुठाय. एका खान्यातला एक शब्द चुकला की तो माणूस सभागृहाबाहेर. एवढं सोपं आहे आम्हाला बाहेर ठेवणं. मनूला पोथी लिहावी लागली होती, यांना नुसती रकाना रिकामा ठेवून चालतं.

२०२७ ला तर सगळ्यांचीच जात मोजणार आहेत. १९३१ नंतर पहिल्यांदा. वरचे लोक ओरडतायत, जात मोजली की जातीयवाद वाढेल. वा! जात पाळताना वाढत नव्हता, मोजताना वाढतो! ज्याच्या घरात चोरीचा माल आहे तोच झडतीला घाबरतो. जमीन किती कुणाकडे, गाळे किती, मास्तर किती, तहसीलदार किती, झाडूवाले किती, हे जातीवार बाहेर येऊ द्या. मग कुणाची लायकी किती ते बोलू.

पण आपल्यातले काही भाऊ म्हणतात, जात लिहिणं म्हणजे दीक्षेशी बेइमानी. मी त्यांचा आदर करतो आणि त्यांच्याशी भांडतो. धर्माच्या खान्यात दुसरा शब्द नको, बौद्धच. त्यात तडजोड नाही. जातीच्या खान्यात मात्र यादीतलं नाव घाला. ती आपली ओळख म्हणून घालायची नाही. आपल्यावर झालेल्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून घालायची. खून झालेल्या माणसाच्या अंगावर जखमा किती, हे पंचनाम्यात लिहावंच लागतं. जखमा लिहिल्या म्हणून त्या प्रिय होत नाहीत. जात जाळायचीच आहे. पण जाळायच्या आधी तिचा पंचनामा होऊ द्या, नाहीतर पुरावाच जळेल आणि गुन्हेगार सुटेल.

तेव्हा पोरापोरींनो, कामाला लागा. प्रत्येक वाडीत दोन जण तयार करा. गणतीवाला यायच्या आधी घरोघर जा. म्हातारीला समजावा, धर्म काय सांगायचा, जात काय सांगायची. ती घाबरेल, म्हणेल आता कशाला ते नाव. तिच्याजवळ बसा, घाई करू नका. गणतीवाला लिहितो ते बघायला मागा, विचारायला लाजू नका. मुंबईकडच्यांनी आपल्या खोलीत, आपल्या झोपडपट्टीत हेच करा, कारण तुम्ही मोजले जाणार ते तिथंच, गावी नाही. बागेतल्या खोपटात, बोटीवर, बांधकामावर असलेला परका मजूर गाळला जाणार नाही हेही बघा. त्याला गाळणं हा आपल्याच जुन्या गाळणीचा नवा धंदा आहे.

आणि सरकारकडे मागायचं ते ठणकावून मागा. नगरपंचायतीच्या हद्दीत शेतमजुराला रोजगार हमी चालू ठेवा. शहर कसं ते ठरवताना बाईचं काम मोजा. शहराच्या आराखड्यात अनुसूचित जातींच्या घरांना पेठेजवळ, रस्त्याला लागून जागा राखा, नदीच्या पुररेषेत नको. नगरपंचायतीच्या गाळ्यांत आमचा वाटा लिहून द्या. भूमिहीनाला जमीन द्यायची दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना २००४ पासून आहे, चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. कोकणात त्यातली जमीन किती जणांना मिळाली, तालुकावार यादी चावडीवर लावा. वाडीवरची शाळा पटाच्या नावाखाली बंद करू नका.

शेवटी गावी राहिलेल्यांना आणि मुंबईत असलेल्यांना एकच सांगणं. वाडीतली जागा विकू नका. दलाल येईल, कातळाला सोन्याचा भाव सांगेल. सातबारावर नाव आहे का ते बघा, नसेल तर लावून घ्या, बहिणीचंही लावा. ज्यांना परत जायचंय त्यांनी ओटीच्या ओढीनं जाऊ नये, ओटी आपली नव्हतीच. तालुक्याच्या पेठेत गाळा मागायला जा, पोरांना शाळेत घालायला जा, सभागृहात बसायला जा. महाडचं तळं पाण्यावाचून आमचा जीव जात होता म्हणून आम्ही ओंजळीत घेतलं नाही. २० मार्च १९२७ ला आम्ही प्यालो ते हक्काचं म्हणून प्यालो. महाड तेव्हा असंच एक छोटं शहर होतं, दोस्तांनो. पहिली मोठी लढाई तालुक्याच्याच गावात झाली होती. उरलेल्याही तिथंच व्हायच्यात.

जय भीम.